कोऱ्या कागदाची पलीकडची बाजू

“पण आबा, चित्र येतं कुठून?”

केतकीने हे चौथ्यांदा विचारलं. गावातले सगुण आबा आपल्या ओसरीवर बसून एका फाटक्या चित्राला मागून कापडाचं ठिगळ लावत होते. बोटं खळीने पांढरी झाली होती.

“त्या पेटीतून,” ते म्हणाले.

पेटीत त्यांच्या आजोबांच्या हातची चित्रं होती. आबा चित्रकथी. मांडीवर फळी ठेवायची, तिच्यावर लोकांकडे तोंड करून एकेक चित्र उभं लावायचं आणि आपण मागून कथा सांगायची. कुडाळच्या आसपासच्या देवळांतून त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. देवळातलं सांगून सांगून त्यांची बोलीही पुस्तकी झाली होती, गावातल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करत.

आबांच्या उत्तरावर केतकी हसली नाही. तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. व्हँकुव्हरला अॅनिमेशन शिकताना जमवलेली चित्रं. अकरा हजार. रंगांची वेगळी, चेहऱ्यांची वेगळी, पाण्याची वेगळी.

आबांनी हात पुसले. बराच वेळ बघत राहिले.

“हे गाढव बरं आहे. कोणाचं?”

“नाव लक्षात नाही.”

“गाढवाचं?”

“चित्रकाराचं, आबा.”

“आणि यात तुझं कुठलं?”

…

केतकीने लॅपटॉप मिटला.

मोठ्या तोऱ्यात आली होती ती परत. आपल्या माणसांची गोष्ट आपल्या रेषेत सांगणार, असं तिकडच्या मित्रांना ठणकावून आली होती. चार मिनिटांचा एक चित्रपट करायचा होता, तिच्या वडिलांवर. पुंडलिक तारी खाडीवर होडी चालवायचे. ती तिकडे असताना ते गेले, आणि ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला वर्ष झालं. वर्षभरात एक चित्र झालं नव्हतं. जूनपर्यंत जमलं नाही तर ती परत जाणार होती, तिथली नोकरी अजून तिच्यासाठी थांबली होती.

“चेहरा काढायला घेते,” ती म्हणाली, “तर डोळे एकाचे येतात, नाक दुसऱ्याचं. सगळे येतात या अकरा हजारांतले. बाबा तेवढे येत नाहीत.”

“फोटो असेल ना?”

“फोटो बघून काढलं की फोटो येतो.”

आबांनी मान हलवली. मग कुंपणापलीकडे हाक मारली. शेवंताकाकी आणि गुणाकाकी कुळीथ पाखडत होत्या, त्या सुपं घेऊनच आल्या आणि अंगणात बसल्या.

आबांनी फळी केतकीच्या मांडीवर ठेवली. ठिगळ लावलेलं चित्र तिच्या हातात दिलं. रथात बसलेला एक राजा, पुढे दोन घोडे.

“सांग.”

“मला कथा येत नाही.”

“दिसतंय ते सांग.”

केतकीने चित्र फळीवर लावलं. राजा कुठे निघालाय ते सांगू लागली. घोड्यांपाशी अडली आणि रंग आठवेना म्हणून चित्र स्वतःकडे वळवून बघितलं. पुन्हा लोकांकडे केलं. सारथ्यापाशी पुन्हा वळवलं. मग वळवलेलंच राहिलं.

“बाय गो,” शेवंताकाकी म्हणाली, “आमका पाठ कित्याक दाखवतंस?”

“ठिगळ मात्र झ्याक लावल्यान सगुणान,” गुणाकाकी म्हणाली.

दोघी सुपांआड हसल्या. केतकीचे कान तापले.

“मला दिसल्याशिवाय मी सांगू कशी?” ती आबांना म्हणाली.

“साठ वर्षं मी ठिगळंच बघतोय.”

त्यांनी तिच्या हातून चित्र काढून घेतलं. पेटीशेजारच्या गठ्ठ्यातला एक कागद घेतला आणि फळीवर लावला. कोरा.

“आता वडिलांचं सांग.”

“यावर काहीच नाही.”

“हो.”

“मग त्यांना काय दिसणार?”

आबांनी कथेला साथ करायची वीणा मांडीवर घेतली, एक तार छेडली, आणि थांबले.

…

“खाडी आहे,” केतकी म्हणाली. “ओहोटीची. पाणी कमी, चिखल जास्त. होडी काठाला लागलीय.”

आवाज कोरडा होता.

“बाबा पाण्यात उतरलेत. होडी हलू नये म्हणून धरून उभे आहेत. म्हाताऱ्या उतरेपर्यंत ते असेच उभे राहायचे. एक पाय चिखलात रोवून, दुसरा गुडघा होडीला लावून.”

“खंयचो पाय चिखलात?” शेवंताकाकीने विचारलं.

“डावा… नाही. उजवा. डाव्या गुडघ्याला कायम खरचटलेलं असायचं.”

“हां. आता बरोबर दिसता.”

केतकीने चमकून पाहिलं. काकी तिच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर होती, पाण्यात.

“डोक्यार काय? टोपी?” गुणाकाकीने विचारलं.

“टॉवेल. ओला. त्याचं पाणी कपाळावरून ओघळतंय आणि पुसायला हात मोकळा नाही… म्हणून ते एक डोळा मिटून घ्यायचे.”

सुपं थांबली होती. अंगणात वाऱ्याने कुळथाचा भुसा सरकत होता. केतकी बोलत राहिली. शेवटची म्हातारी उतरली, तिची टोपली उतरली, टोपलीतली कोंबडी उतरली. बाबांनी अजून होडी सोडली नव्हती.

शेवंताकाकी पुढे वाकली. कागदाकडे बारकाईने बघत म्हणाली,

“हसता कित्याक गो तो?”

…

केतकीने हसण्याचं काही सांगितलं नव्हतं.

पण ते हसत. असेच, एक डोळा मिटून, होडी रिकामी झाली की. वर्षभर तिला हेच आठवत नव्हतं. तिचे दोन्ही हात कागदाच्या कडांवर गेले, तो आपल्याकडे वळवून घ्यायला.

आबांनी नखांत खळ वाळलेल्या बोटांनी कड धरून ठेवली.

“एकदाच, आबा. एकदाच बघू दे.”

“फिरवलंस, तर जाईल तो,” आबा म्हणाले. “बोल पुढे.”