आवरआक्का आणि बाणवाली

घरोघरी हातमाग चालत, तेव्हाची गोष्ट. एका विणकरणीच्या रक्तात एक म्हातारी पेशी राहायची. भडकलेल्यांना आवरणं हेच तिचं काम, म्हणून सगळ्या तिला आवरआक्का म्हणत. छातीच्या हाडामागच्या शाळेत ती शिकली होती. आपलं कोण, परकं कोण, हे तिथे स्पर्शाने ओळखायला शिकवत. आता ती शाळा पार वाळून गेली होती, पण आठवण निघाली की आक्काला भरून येई.

एकदा ताप आला. जंतू मेले, ताप उतरला, तरी जंतूंवर सोडायला बाण घडवणारी तरणी पेशी भिंगरी थांबेना. तिचे बाण विणकरणीच्या बोटांत घुसले. सांधे सुजले, माग बंद पडला.

"अगं भिंगरे, कुणाला मारतेस?"

"शत्रूला! म्हातारपणी तुला दिसत नाही, आक्का."

"आम्हाला बघायला नाही गं शिकवलं. हात लावायला शिकवलं. ये इकडे."

भिंगरी कुरकुरत आली. तिने सुजलेल्या सांध्याला हात लावला आणि ती दचकली.

"आक्का, हा तर आपलाच आहे!"

"मग आता?"

भिंगरीने उरलेले बाण खाली ठेवले. सूज लगेच उतरली नाही. पण काही दिवसांनी सकाळी विणकरणीने भीतभीत मूठ मिटून पाहिली, आणि ती मिटली.