महाकायाचे एक वाक्य

एकदा एका पर्वतरांगेत महाकाय आणि माणसे शेजारी-शेजारी राहत होती. महाकाय शिखरांना टेकून बसत आणि माणसे त्यांच्या पायथ्याशी तांबे खणत. भांडण असे फारसे होत नसे, कारण महाकाय दिवसाला एकच अक्षर उच्चारत. इतक्या सावकाश भांडायला सवड कोणाला होती?

पुढे जुनी खाण संपली. नवे तांबे सापडले ते एका गुहेत, आणि त्या गुहेच्या माथ्यावरच एक महाकाय बसलेला. खाणकऱ्यांतला एक वृद्ध महाकायांची बोली जाणत असे, आणि एक तरुणी त्याच्याकडे ती शिकत होती. वृद्धाने परवानगी विचारली, शिष्या खडकाला कान लावून बसली. दुसऱ्या संध्याकाळी ती धावतच वस्तीत आली. उत्तर आले होते, ‘खणा’.

लोकांनी कुदळी उचलल्या. सर्वांत पुढे तिचा सख्खा भाऊ होता. तेवढ्यात वृद्ध काठी टेकत आला आणि गुहेच्या तोंडाशी चक्क आडवा झाला. म्हातारा चळला, असे लोक म्हणाले. पण त्याला ओलांडून जायला कोणाचा पाय उचलेना.

सहाव्या दिवशी उत्तर झाले होते, ‘खणायचं नाही’. आता लोक खवळले. गुहेत लाकडे पेटवून महाकायाला धुराने हुसकावून लावायचे ठरले. शिष्येनेही मान डोलावली, कारण आपली फसवणूक झाली असे तिला मनापासून वाटत होते. वृद्ध मात्र अजून तिथेच पडून होता. त्याच्या उशाशी जाळ कसा करणार?

दहाव्या दिवशी अक्षरे जुळली, ‘खणायचं नाही असं नाही’. शिष्या वृद्धाजवळ गेली. हे तुम्हाला आधीच ठाऊक होते का, असे तिने विचारले.

“नाही गं,” वृद्ध म्हणाला. “मला एवढंच कळत होतं, की त्याने अजून श्वास घेतलेला नाही. हो की नाही, ते वाक्याच्या अगदी शेवटी येतं. आपण मात्र मनासारखा शब्द आला की उठतो, नाहीतर भीतीचा शब्द आला की उठतो. तू ऐकलंस ते बरोबरच होतं. उठलीस तेवढी लवकर.”

मग आता तरी जायचे का, असे तिच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिने पुन्हा खडकाला कान लावला.

एकोणिसाव्या दिवशी वाक्य पुरे झाले, ‘खणायचं नाही असं नाही, पण आधी मला उठू द्या’. वृद्ध गुहेच्या तोंडापासून दूर झाला. महाकाय रेटा देऊन उठला, आणि त्याच्या भाराने पिचलेले गुहेचे छत धाडकन कोसळले. आत कोणीही नव्हते.

धूळ बसल्यावर भाऊ शिष्येजवळ आला.

“त्या दिवशी तू खणा म्हणालीस,” एवढे बोलून तो थांबला.

एरवी तिने तिथेच आपली बाजू मांडायला सुरुवात केली असती. ती गप्प राहिली.

“म्हणून मी निघालो होतो,” भाऊ म्हणाला. “पुढच्या वेळीही तू सांगशील तेव्हाच निघेन.”

त्याचे बोलणे संपले, हे कळूनही ती क्षणभर थांबली. मग तिने होकार दिला.