येसबा आणि लाल खूण

एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. दोन नोकऱ्या घालवून बसला होता. तिसरी सासऱ्यानं लावून दिली. बायकोनं, गोदानं बजावलं, "सांगतील तेवढंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"बरं," येसबा म्हणाला.

कारखाना मगदूम मालकांचा. तिथं पंपाच्या बारीक पिना बनत. नव्या मशीनचा कॅमेरा एकेक पिन तपासायचा. चांगलीला हिरवा दिवा. केसाएवढा ओरखडा असला तरी लाल. येसबानं पट्ट्यावर पिना ठेवायच्या, एवढंच काम.

त्यानं तेलानं माखलेल्या पिना तशाच ठेवल्या. लाल, लाल, लाल! मालक धावत आले.

"अरे, कॅमेऱ्याखाली जाईल ते आधी लख्ख पुसायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी नमुन्याची पिन आली. कॅमेऱ्यानं कुठं बघायचं त्याच्या निळ्या खुणा तिच्यावर होत्या. येसबानं थिनर लावून ती घासघास घासली. खूण म्हणून उरली नाही.

मालक मटकन खाली बसले. "अरे, खूण केलेली वस्तू जिवापाड जपायची!"

"बरं."

पुढं एकदा बाद पिनांवर कुणीतरी लाल ठिपके दिले. येसबाला भरून आलं. घरून गोदाची दागिन्यांची डबी आणून त्यानं पिना कापसात निजवल्या आणि डबी गिऱ्हाईकाच्या मालात सगळ्यात वर ठेवली.

गिऱ्हाईकाचा फोन आला. मालकांचा आवाज पार गेटपर्यंत गेला.

"लाल खूण म्हणजे भंगार! दिसली की भंगारात! मला विचारायलासुद्धा येऊ नकोस. पुन्हा चुकलास तर घरी!"

"बरं. नाही विचारत."

मग खंडेनवमी आली. मशिनं पुसली, हार घातले. मालकांनी स्वतः कॅमेऱ्याच्या वर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं, मग बाकीच्या सगळ्यावरही. सगळी मंडळी प्रसादाला गेली. दारात भंगाराचा टेम्पो उभा होता.

येसबाला मशीनवर लाल खूण दिसली. वाईट वाटलं त्याला. चांगलं होतं बिचारं. पण विचारायचं नव्हतं. त्यानं नट सोडले, हमालांना हाक मारली. मशीन टेम्पोत गेलं. मागोमाग ड्रिल, वजनकाटा आणि मालकांची हार घातलेली स्कूटर.

तोंडात पेढा घेऊन मालक धावत आले. "अरे अरे, हे काय!"

येसबानं त्यांच्या कपाळाकडे बघितलं. त्याचे डोळे पाणावले.

"मालक, तुम्हीपण बाद?"

आणि त्यांना अलगद उचलून त्यानं स्कूटरवर बसवलं.

टेम्पोवाला खो खो हसत म्हणाला, "आणि तुझ्या कपाळावर काय आहे रे?"

येसबानं कपाळ चाचपलं. बोट लाल झालं. तो मालकांच्या मागं चढून बसला.

"चला," तो म्हणाला. "पण आमचं वजन वेगवेगळं करा. मालकांना भाव जास्त यायला पाहिजे."