झिपरीचं टरफल

शेतांना अजून कुंपणं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. चिंचेच्या ढोलीत झिपरी नावाची खार आणि तिचा लेक टिल्लू राहायचे. झिपरी भुईमुगाच्या टरफलाने दाणे मापून द्यायची, म्हणून साठा पुरायचा आणि पोटही कधी दुखायचं नाही.

एका वर्षी पाऊस लांबला आणि झिपरीच्या जिवाला घोर लागला. दाणे सरले तर? तिने मापाला लहान टरफल घेतलं, मग त्याहून लहान.

"आई, अजून दे ना," टिल्लू म्हणायचा.

"मापात राहावं, बाळा."

एका दुपारी घार झेपावली. दोघं पळत सुटले. झिपरी पलीकडच्या फांदीवर पोचली, पण टिल्लूची उडी तोकडी पडली. तो डहाळीला लोंबकळला. तिने त्याला दातांत धरून कसंबसं पानांआड ओढलं.

"पाय का लटपटले रे?"

"अंगात बळच नाही गं, आई."

ढोली अजून निम्मी भरलेली होती. झिपरीने मोठं टरफल शिगोशीग भरून त्याच्यापुढे ठेवलं. तिची धाकधूक काही गेली नव्हती. प्रत्येक घासाला ती साठ्याकडे बघत होती. टिल्लूने शेवटचे दोन दाणे मागे सारले.

"आता पुरे, आई."

कित्येक दिवसांत हे शब्द तिच्या कानी पडले नव्हते.