सव्वादहाचा किल्ला

एकदा एका मुलाने आपल्या वडिलांना वाळवंट दाखवायचे ठरवले, आणि त्याची तयारी इतकी चोख केली की वडील म्हणाले, मी येत नाही.

मुलगा म्हणजे काही कुकुलं बाळ नव्हे. संग्राम त्रेचाळीस वर्षांचा, पुण्याच्या एका कारखान्यात कामांची वेळापत्रके आखणारा अधिकारी. नाव वडिलांनी ठेवलेले. अण्णा इतिहासाचे शिक्षक, त्यांनी हौसेने मुलाला वीराचे नाव दिले; पण नावातला आवेश स्वभावात काही उतरला नाही. घराला कुलूप लावून खाली आल्यावर दोनदा जिना चढून ते ओढून बघणाऱ्यांपैकी हा माणूस होता.

अण्णांनी चौतीस वर्षे तालुक्याच्या शाळेत चितोड, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर शिकवले आणि यातले एकही गाव स्वतः पाहिले नाही. निवृत्त झालो की जाऊ, असे म्हणत राहिले. मग पत्नीचे आजारपण आले, ती गेली, आणि आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडला. डॉक्टरांनी संग्रामला बाजूला घेऊन सांगितले होते, "जे दाखवायचं असेल ते या हिवाळ्यात दाखवा. पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून संग्रामचा जीव टांगणीला लागला. स्वतःच्या गाडीने जायचे, म्हणजे अण्णांना हवे तिथे थांबता येईल, असे त्याने आधी मनाशी ठरवले होते. नंतर त्याने कागद हाती घेतला आणि थांबायला जागाच उरली नाही. चार महिने खपून त्याने बावीस पानांचा आराखडा केला. तेरा दिवस, एकतीस ठिकाणे. कुठे किती वाजता पोहोचायचे, कुठे किती वाजता निघायचे, वाटेतले पेट्रोल पंप, पंक्चरवाले, दवाखाने, नेत्रतज्ज्ञ, सारे रंगीत शाईने. अनपेक्षित गोष्टींसाठी रोज पंधरा मिनिटे राखून ठेवलेली होती. एखादी गोष्ट राहून गेली तर ती कायमचीच राहील, या धास्तीने त्याने एकही गोष्ट सोडली नव्हती.

निघायला चार दिवस उरले असता अण्णांनी ती फाइल भिंगाखाली धरून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मिटून टेबलावर ठेवली.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मला फोटो दाखव."

"अण्णा, तुमच्यासाठीच तर चाललोय ना!"

"हो रे, कळतंय मला. पण मला नाही जमायचं."

त्यांची बॅग कपाटावरून खाली उतरलीच नाही. संग्रामला रात्री झोप लागेना. चिडावे तर वडील, विनवावे तर कारण कळेना. आजवर गाडीच्या बाबतीत अडचण आली की तो ज्या एका माणसाला विचारत असे, त्याच माणसाला त्याने अखेर फोन केला.

हा माणूस म्हणजे माणदेशातल्या त्याच्या आजोळचे सुभेदार. फौजेत ट्रक चालवायला शिकवणारे उस्ताद होते ते. नऊ वर्षे वाळवंटात काढलेली. संग्राम अठरा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनीच त्याला गाडी शिकवली होती. आईच्या गावचे, म्हणून संग्रामचे मामा, आणि अण्णा त्यांचे दाजी. वय ब्याऐंशी, पाठ अजून ताठ.

"कागद मला काय कळनार न्हाय," फोनवर सगळे ऐकून घेऊन सुभेदार म्हणाले. "गाडी घिऊन ये, तेवढी बघतो. आन् दाजींनाबी संगं आन."

सासुरवाडीला यायला अण्णा नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. वाटेत चहाला बारा मिनिटे ठरली होती, तिथे अण्णांना वीस लागली, आणि ती आठ मिनिटे भरून काढायला संग्रामने पुढे घाटात गाडी नको तेवढी पळवली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

सुभेदारांनी गाडीभोवती एक फेरी घातली. चाकावर बोटाने टकटक केले.

"हवा किती भरलीया?"

"पूर्ण, मामा. वर दोन पौंड जास्तच. जोखीम नको म्हणून."

"बरं," सुभेदार पुढच्या सीटवर बसत म्हणाले. "घे, नदीत घाल."

"नदीत?"

"आरं, पानी कुठं हाय? वाळूच हाय सगळी. तुला वाळवंटात जायाचंय न्हवं?"

माणगंगेचे पात्र त्या महिन्यात कोरडे ठणठणीत होते. संग्रामला हे मुळीच पटले नाही. पण गुरूपुढे बोलायची सोय नव्हती. त्याने उतारावरून गाडी सावकाश खाली घेतली. तीस-चाळीस पावले ती नीट गेली, मग पुढची चाके जड झाली, इंजिन गुरगुरले आणि गाडी जागच्या जागी थांबली.

संग्रामने ॲक्सिलरेटर दाबला. वाळूचे फवारे उडाले, गाडी तसूभरही हलली नाही. त्याने आणखी जोराने दाबला. पुढचा भाग खाली बसू लागला. सुभेदार शांतपणे उतरले आणि काठाजवळच्या दगडावर जाऊन टेकले.

"मामा, सांगा ना काहीतरी!"

"तू बघ आधी. शिकलाईस की."

संग्रामने बघितले. त्याने मागे-पुढे करून पाहिले, चाकांखाली फाइलचा पुठ्ठा सरकवून पाहिला, खाली उतरून एकट्याने ढकलून पाहिले. प्रत्येक प्रयत्नानिशी चाक आणखी खोल गेले. शेवटी गाडीचे पोट वाळूला टेकले. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. दोन दिवसांनी निघायचे, गाडी इथे रुतलेली, आणि खऱ्या वाळवंटात असे झाले तर? आसपास माणूस नसताना? अण्णा बरोबर असताना? त्याच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भलतीसलती चित्रे येऊ लागली.

अण्णा! त्याने मागच्या सीटकडे पाहिले. दार उघडे होते आणि सीट रिकामी.

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. ऊन डोक्यावर आलेले, पात्रात दगडगोटे, आणि अण्णांना पायाखालची पायरी नीट दिसत नव्हती. "अण्णा!" त्याने हाक मारली. उत्तर नाही. तो वाळूतून धावत सुटला. पाय निसटत होते, श्वास पुरेना. मामांना कसली चेष्टा सुचली, आणि आपणही त्यांचे ऐकून कसे बसलो, या विचाराने त्याला स्वतःचाच संताप आला.

पात्राच्या वळणापलीकडे अण्णा दिसले. वाळूत उकरलेल्या एका हातभर खोल खड्ड्याशी ते गुडघ्यांवर बसले होते. शेजारी एक बाई कळशी घेऊन उभी होती. अण्णांनी तोंड अगदी खड्ड्यात घातल्यासारखे केले होते.

"अण्णा, काय झालं? पडलात का?"

अण्णांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत संग्रामने न पाहिलेले हसू होते.

"अरे, इकडे ये. हिने कळशी भरून घेतली ना, खड्डा पार रिकामा झाला होता. आता बघ, वाळूतून पाणी वर येतंय. मला दिसलं रे येताना! थेंबाथेंबानं आलं, मला दिसलं."

"बगत्यात कवाधरनं," बाई हसून म्हणाली आणि कळशी डोक्यावर घेऊन गेली.

संग्राम तिथेच वाळूत मटकन बसला. मग त्याने अण्णांचा हात धरला आणि दोघे हळूहळू गाडीकडे परतले.

सुभेदार तोवर उठून गाडीपाशी आले होते. त्यांनी खिशातून आगपेटीतली काडी काढली, चाकाजवळ उकिडवे बसले आणि झडपेवर काडी टेकवली. सूं करून हवा बाहेर येऊ लागली.

"मामा! हे काय करताय? हवा सोडताय?"

एक चाक झाले, दुसरे झाले. चारही चाके खाली बसल्यासारखी, पसरट दिसू लागली. संग्रामच्या जिवाची तगमग होत होती. रुतलेल्या गाडीची हवा काढणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे, असेच त्याला वाटत होते. मग सुभेदारांनी त्याला पोटाखालची आणि चाकांमागची वाळू हातांनी उकरायला लावली.

"आता बस. आल्या चाकोरीनं मागं घे. पाय अंडं ठिवल्यागत ठिव."

संग्रामने श्वास रोखून गाडी मागे घेतली. ती किंचित थरथरली, खड्ड्यातून वर आली आणि पसरट चाकांवरून निवांत मागे येत थेट काठाला लागली. एवढ्या खटपटीने जे झाले नव्हते ते इतक्या सहज झालेले पाहून तो स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

काठावरच्या लिंबाखाली तिघे आले. अण्णांना सावलीत बसवून सुभेदार संग्रामकडे वळले आणि प्रथमच सविस्तर बोलले.

"हे बग, गच्च चाक डांबरावर पळतं. वाळूत त्येच गच्च चाक स्वतःची कबर खांदतं. जेवढा जोर करशील तेवढं खाली जातं. सैल केलं की पसरतं, वाळूवर बसतं, आन् मग वाळूच त्येला वर उचलती. पर म्हनून सैल चाक घिऊन हमरस्त्याला लागू नगंस, तिथं फुटंल. कुठं गच्च आन् कुठं सैल, येवढं जमिनीकडं बगून ठरवायचं आसतं. तू घरात बसून सगळंच गच्च भरलंस. दाजींच्या डोळ्यांचं भ्या वाटलं तुला, हे मला कळतं बाबा. मलाबी वाटलं आसतं. पर भ्यालेला मानूस जोर लावत सुटतो, आन् ज्येच्यासाटी लावतो त्येच्याकडं बगायचं ऱ्हातं."

संग्राम खाली मान घालून ऐकत होता. सुभेदार अण्णांकडे वळले.

"दाजी, तुमाला तिकडं नेमकं काय बगायचं हाय?"

चार महिन्यांत हा प्रश्न अण्णांना कोणी विचारला नव्हता. संग्रामने तर नाहीच नाही. हे त्याच्या लक्षात आले तेव्हा त्याला कानकोंडे झाले.

अण्णा संकोचाने म्हणाले, "फार काही नाही हो. जैसलमेरचा किल्ला मी वर्गात फळ्यावर पिवळ्या खडूने काढायचो. आणि पोरांना सांगायचो, सूर्य मावळायला आला की तो पिवळा दगड सोन्यासारखा दिसतो. दरवर्षी सांगायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, गुरुजी, तुम्ही बघितलाय का? मी हो म्हणालो."

ते थांबले. "खोटं बोललो. ते मनाला फार लागलंय. डोळे आहेत तोवर एकदा बघायचंय, मी त्या पोरांना खरं सांगितलं की नाही."

"मग अण्णा, किल्ला तर आहेच की आपल्या आराखड्यात!"

"आहे," अण्णा म्हणाले. "सकाळी सव्वादहा ते पावणेबारा."

संग्रामने फाइलमधली पाने उलटली. सातवा दिवस. सव्वादहा ते पावणेबारा, किल्ला. त्यापुढे हवेल्या, त्यापुढे तलाव, आणि सूर्यास्ताच्या वेळी तिथून चाळीस किलोमीटरवर उंटाची सफर. जे एकच पाहायला वडिलांना यायचे होते ते त्याने स्वतःच्या हाताने, हिरव्या शाईने, वगळून टाकले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ते पुसले नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू एवढा खपलास. रात्ररात्र बसलास. कुठल्या तोंडानं सांगणार?"

संग्रामने पेन काढले. रात्रीच्या मुक्कामांच्या खोल्या ठरलेल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. मुक्कामाचा रस्ता तेवढा पक्का राहिला. मधली ठिकाणे तो एकेक वाचून दाखवू लागला आणि अण्णा मानेने हो-नाही करू लागले. एकतीसपैकी नऊ उरली. सातव्या दिवसाचे पान त्याने वरपासून खालपर्यंत रेघ मारून रिकामे केले आणि लिहिले : किल्ल्यासमोर बसणे. सवयीने तो पुढे वेळ लिहायला गेला, पेन कागदाला टेकले, आणि त्याने ते उचलून घेतले.

मग त्याने डिकीतला हवेचा पंप काढला. यादीत तो सतराव्या क्रमांकावर होता, आणि बरोबर होता. चाके एकेक करून भरू लागली. अण्णा त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते.

"संग्राम," ते हळूच म्हणाले. "आणि तो सोन्यासारखा नाहीच दिसला तर?"

संग्रामच्या मनात नेहमीप्रमाणे शंकांचा घोळका उठला. ढग असले तर, धूळ असली तर, डोळ्यांनी साथ दिली नाही तर. त्याने वडिलांकडे पाहिले.

"तर दुसऱ्या दिवशी परत बसू, अण्णा."

सुभेदारांनी शेवटच्या चाकावर बोटाने टकटक केले. "भरली हवा," ते म्हणाले. "निगा आता. दाजींची बॅग भरायची ऱ्हायलीया."