नापास झालेला साक्षीदार

"कमानी बांधायचा परवाना पायजे ना? मग त्या परमुलखातल्या परीक्षेत नापास झालेला एक तरी माणूस उद्या आमच्यासमोर उभा कर!"

रणधीर राजांनी हुकूम सोडला आन् येसबाच्या डोक्याची शीर तटतटली. परमुलूख समिंदरापल्याड, नुसतं जायलाच चार महिने. उद्या माणूस आणायचा कुठनं?

हुकूम झाला व्हता त्याच्या लेकीला, सगुणेला. मामासंगं समिंदरापार जाऊन नऊ वर्षं ती दगडी कमानी बांधायला शिकली. गुरूनं दिलेलं तांब्याचं पदवीपत्र घेऊन घरी आली. पण इथं परवान्याबिगर विटेवर वीट ठेवायची सोय न्हाई. परवाना विद्याधिकारी दिनकरपंतांच्या हातात, आन् पंतांचा नियम असा, की बाहेरची पदवी इथल्या तोडीची ठरली पायजे. न्हाई ठरली, तर पुन्हा पहिल्यापासनं सात वर्षं शाळा!

सगुणेनं बापाला सांगून टाकलं व्हतं, "आबा, परवाना न्हाई मिळाला तर पुनवेच्या जहाजानं मी परत जाणार. तिकडं काम हाय." एकुलती एक लेक. आता गेली की पुन्हा काय दिसत न्हाई, हे येसबाला कळत व्हतं.

आन् खरं सांगायचं तर निम्मा घोळ येसबानंच घातला व्हता. पहिल्या खेपेला कारकुनानं विचारलं, "ही चुना मळायला किती तास शिकली?" येसबा म्हणला, "तू जेवायला किती तास शिकलास रं?" अर्ज माघारी! दुसऱ्या खेपेला त्यानं पागोटं मेजावर आपटलं, दौत उलटली, सगळे कागद काळे. तिसऱ्या खेपेला लेकीनं त्याच्या तोंडात सुपारी दिली, म्हणजे गप बसंल. यानं रागात ती अख्खी गिळली आन् निम्मी कचेरी त्याची पाठ चोळत बसली.

आज परकरण दरबारात आलं, तवा पंतांनी बोट नाचवलं. "महाराज, हिच्या गुरूकडे आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही. हिनंच लिहून दिलंय! जिथं कुणी नापास होत नाही, ती कसली परीक्षा? आमच्याकडे दहातले आठ नापास होतात!" राजांना ते पटलं आन् तो हुकूम सुटला.

"असं लिहून दिलंस कशाला गं?" येसबा डाफरला.

"खरं हाय म्हणून."

येसबाला एकदम सुचलं. "मग मीच उभा राहतो की! नापास व्हायला माझ्यासारखा गडी सबंध मुलखात गावणार न्हाई."

"आबा, तुम्ही परीक्षेला बसलाच न्हाईत. मास्तराच्या अंगावर पाटी फेकून पळालात."

"तेबी खरंच," येसबा म्हणला.

सगुणेनं हात जोडले. "आणते माणूस, महाराज. फकस्त उद्याचा दरबार नव्या वेशीपाशी भरवा."

सकाळी सगळे वेशीपाशी जमले. पंतांच्या देखरेखीखाली बांधलेली ती टोलेजंग कमान, पण खाली अजून लाकडाचे टेकू!

"पंत, हे कधी काढणार?" सगुणेनं विचारलं.

"चुना वाळतोय."

"आठ महिने झाले की!"

"हवा दमट आहे!" पंत म्हणाले. उन्हानं त्यांच्या कपाळाचं गंध वघळत व्हतं.

सगुणा राजांकडं वळली. "महाराज, माझ्या गुरूची परीक्षा एकच. आपली कमान आपण बांधायची. पुरी झाली म्हणलं, की तिच्याखाली आपणच उभं राहायचं आन् गुरू टेकू काढणार. उभं राहायला जो कचरला तो नापास. पण मान आपलीच जाणार म्हणल्यावर कोण कच्चं काम ठेवतंय? शंका आली तर पोरं आपल्याच हातानं कमान पाडतात, पुन्हा बांधतात. म्हणून आजवर कुणी नापास न्हाई." मग तिनं विचारलं, "पंत, ही कमान पुरी झाली का?"

"म्हणजे काय! मी स्वतः शिक्का मारलाय!"

"मग या, उभे राहा. मी टेकू काढते."

पंतांनी एक पाऊल टाकलं. वर बघितलं. चुन्याची चिमूट त्यांच्या नाकावर पडली.

"आज... आज माझी कंबर धरलीय. शिवाय अमावस्या!"

"अमावस्या परवाच गेली!" येसबा गरजला.

पंत मागं मागं सरकत राजांच्या छत्रीवाल्याआड जाऊन उभे राहिले.

सगुणेनं तिकडं हात केला. "महाराज, नापास झालेला माणूस मागितला व्हता ना? हा घ्या!"

राजे असे हसले, असे हसले, की मुकुट हातात धरावा लागला. हसता हसता तेबी चार पावलं कमानीपासनं लांब झाले. "परवाना आत्ताच्या आत्ता द्या हिला! आमच्या हातातलं हे सोन्याचं कडंबी द्या! पोरी, ही वेस पाड आन् तुझ्या हातानं नवी बांध. आन् पंत, हिथनं पुढं परीक्षा हिच्या गुरूचीच. पहिला नंबर तुमचा! आन् नव्या वेशीचे टेकू काढताना खाली कोण गं, पोरी?"

"मीच, महाराज."

"आन् तिच्या शेजारी मी!" येसबानं छाती ठोकली. मग त्यानं मान वर करून कमानीची उंची बघितली. "म्हंजे... शेजारी म्हणजे अगदी खेटून न्हाई. जरा रस्त्याच्या पल्याड."

राजांना पुन्हा मुकुट धरावा लागला.