सांगलीच्या पानावरची चूक

एकदा एक वृद्ध आचार्य सकाळच्या उन्हात वर्तमानपत्र वाचत बसले होते. जनुकांच्या अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचा एक शिष्य, आता स्वतः नावाजलेला डॉक्टर, उतरलेल्या चेहऱ्याने आला आणि पायरीवरच बसला.

"सर, गौतमीची आई परत आली होती," तो म्हणाला. "मुलीला उचलून. दहा वर्षांच्या मुलीला."

गौतमीची हकीकत आचार्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी जिना चढता चढता मध्येच बसू लागली. पाय दुखतात म्हणाली. शिष्याने तिचे रक्त घेतले, स्नायूंना बळ देणाऱ्या जनुकातले कामाचे भाग अक्षरन् अक्षर वाचले, रक्तात त्या जनुकाची जी आरएनए-नक्कल निघते तीही तपासली. सारे शुद्ध होते. रक्त कसे, हात पुढे केला की मिळते. स्नायूचा तुकडा काढायचा म्हणजे भूल, टाके, आईची रडारड. विद्वानांनाही सोयीची वाट आवडते. तिच्या आईला, सुगंधाबाईंना, त्याने हसत सांगितले होते, "मुलगी ठणठणीत आहे. जरा लाडावली आहे, एवढंच. चालवा तिला."

पोर चालेनाशी झाली तेव्हा कुठे त्याने स्नायूचा तुकडा तपासला, आणि दोष उघडा पडला.

"जनुक तर तेच आहे, सर. मग मला तेव्हा दिसलं का नाही?"

आचार्यांनी हातातला अंक त्याच्यापुढे धरला. "ही सातारा आवृत्ती. धरणाची ही बातमी सांगली आवृत्तीतही आहे, आणि तिथे एक चूक छापली गेली आहे. शोध."

सरांचे वय झाले, असे शिष्याच्या मनात आले. तरीही त्याने बातमी वाचली, पुन्हा वाचली. "इथे काहीच चुकलेलं नाही. आणि सांगलीची चूक साताऱ्याच्या पानावर कशी सापडेल?"

आचार्यांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, आणि शिष्याला तेच जास्त जड गेले.

"वार्ताहर मजकूर एकच पाठवतो," ते म्हणाले. "साताऱ्याचा उपसंपादक त्यातले काही परिच्छेद गाळतो आणि उरलेले जोडतो. सांगलीचा दुसरेच गाळतो, क्वचित एखादा शब्दही बदलतो. जनुकाचं असंच आहे. मूळ मजकूर पेशीपेशीत सारखा. पण त्याची आरएनए-नक्कल निघाली की मेंदू तिच्यातले काही तुकडे ठेवतो, यकृत दुसरे ठेवतं, स्नायू तिसरेच. कुठे नकलेतलं एखादं अक्षरही बदललं जातं. म्हणून तर एकाच मजकुरावर डोळाही चालतो आणि काळीजही. गौतमीच्या मजकुरात चूक होती ती गाळायच्या भागात. तो भाग बिनकामाचा समजून तू वाचलाच नाहीस. रक्तात तो बिनबोभाट गाळला जात होता. स्नायूत मात्र त्यातला एक तुकडा मागे राहिला आणि सगळा अर्थ बिघडला. तू सातारा वाचलास, आणि सांगली निर्दोष आहे म्हणून मोकळा झालास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

शिष्याने मान खाली घातली. "आता काय करू?"

"औषध सुरू कर. उरलेलं बळ टिकलं तर टिकेल. गेलेलं येणार नाही. ते मात्र तिच्या घरी जाऊन सांग, दवाखान्यात बोलावून नको."

तो त्याच दिवशी गेला. दारातच उभा राहून त्याने सारे सांगितले, स्वतःची चूकही लपवली नाही. सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तुमीच म्हनला हुता, लाडावलीय म्हनून," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी पोरीला मारलंय, डॉक्टर. जिन्यात बसली की मारलंय. शाळेतनं रडत आली तरी मारलंय. आता ह्ये ऐकून मी काय करू? तिला सांगा. तिला अजून वाटतंय, आपन आळशी हाय."

गौतमी आत खाटेवर होती. शिष्य तिच्यापाशी जमिनीवर बसला. इतकी वर्षे कठीण कठीण गोष्टी त्याने सभांमध्ये सहज सांगितल्या होत्या. इथे त्याने एकेक शब्द निवडून घेतला.

"गौतमी, तू आळशी नव्हतीस," तो म्हणाला. "तुझे पाय खरंच थकत होते. चूक माझी होती. तुझी नव्हती, आईचीही नव्हती."

मुलीने आधी आईकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"मी सांगत हुते की," ती म्हणाली.

सुगंधाबाईंनी पदर तोंडाशी धरला. रक्ताने जे सांगितले नाही ते ही मुलगी दोन वर्षे सांगत होती, आणि ते ऐकायला कोणत्याही तपासणीची गरज नव्हती.